कुंडीतली लिली आणि घरातलं मांजर: आधी लिलीचं खरं नाव शोधा

आमच्या गोट्याच्या नाकाला हळद लागली होती. निदान मला तरी तसंच वाटलं. लग्नाच्या वाढदिवसाला आलेला गुच्छ टेबलावर होता, मी ओट्यापाशी होते आणि हा बोका नाक केशरी करून पायात घुटमळत होता. मी फडक्याने नाक पुसलं आणि फोडणीकडे वळले. भाची आली होती, तिने फडकं हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, ही हळद नाही गं. फुलातली पूड आहे."

तोवर रात्रीचे साडेनऊ झाले होते. पहिल्या दवाखान्यात फोन लावला. तिथून उत्तर आलं, "उलट्या झाल्या तर सकाळी घेऊन या." दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र एकच प्रश्न विचारला, "लिली कुठली?" मी म्हटलं, लिली म्हणजे लिली, पांढरी. ते म्हणाले, "फोटो पाठवा." फोटो पाहिल्यावर दोनच शब्द आले: "आत्ता निघा."

गोट्या तीन दिवस सलाईनवर होता. आज तो माझ्या शेजारी पाय पसरून झोपला आहे, पण "लिली कुठली?" हा प्रश्न मला पुरता लागला. त्यानंतरच्या वर्षात घरातली एकेक कुंडी तपासली, डॉक्टरांना नको नको इतके प्रश्न विचारले, नर्सरीवाल्यांशी वाद घातले. घरात पहिल्यांदा मांजर आणणाऱ्यांना ही पायपीट पडू नये म्हणून हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. मांजराने काही खाल्लं असेल तर वाचत बसू नका, थेट आठव्या पायरीवर जा.

१. लिली म्हणजे नेमकी कुठली, ते ठरवा

आपल्याकडे लांब देठ आणि देखणं फूल असलं की त्याला लिली म्हणायची पद्धत आहे. नर्सरीत पाच-सहा वेगवेगळ्या कुळांतली झाडं या एका नावाने विकली जातात. त्यातलं एखादं मांजराचा जीव घेतं, एखाद्याने फक्त तोंडाची आग होते आणि एखाद्याने काहीच होत नाही. त्यामुळे "लिली मांजराला चालते का?" या प्रश्नाला उत्तरच नाही.

खऱ्या धोक्याचे वंश दोन आहेत, लिलियम आणि हेमेरोकॅलिस. ही दोन नावं लक्षात ठेवा.

*लिलियम* म्हणजे गुच्छातली लिली. एशियाटिक, ओरिएंटल, स्टारगेझर, टायगर, ईस्टर ही सगळी तिचीच भावंडं. दादरच्या फूल मंडईत किंवा पुण्यात गुलटेकडीला ज्या लांब, मिटलेल्या कळ्यांच्या काड्या कागदात गुंडाळून मिळतात, त्या याच. फूल मोठं, कर्ण्यासारखं, सहा पाकळ्यांचं. आत सहा पुंकेसर आणि प्रत्येकाच्या टोकाला आडवी डुलणारी केशरी किंवा तपकिरी पिशवी. हिच्यातली पूड कपड्याला लागली की डाग सहजी निघत नाही. दांड्यावर खालपासून वरपर्यंत पानं असतात. कंद लसणासारखा, पण वर पापुद्रा नसलेला आणि खवल्याखवल्यांचा.

*हेमेरोकॅलिस* म्हणजे डे लिली. ही कुंडीत आणि बागेत असते. पानं लांब पट्ट्यांसारखी, जमिनीतूनच पंख्यासारखी फुटलेली. फुलाचा दांडा मात्र बिनपानांचा. एक फूल एकच दिवस टिकतं, म्हणून हे नाव. अमेरिकेत राहणाऱ्यांनी इथे जास्त सावध राहावं. तिकडच्या वसाहतींमध्ये रस्त्याच्या कडेला आणि अंगणात पिवळ्या-केशरी डे लिलीचे ताटवे सर्रास लावलेले असतात, आणि ईस्टरच्या सुमारास दुकानांत पांढऱ्या लिलीच्या कुंड्या येतात.

या दोन्ही वंशांचा प्रत्येक भाग मांजराला विषारी आहे: पान, देठ, पाकळी, परागकण, इतकंच काय, फुलदाणीतलं पाणीसुद्धा. पान चावून खायलाच हवं असंही नाही. अंगावर पडलेले परागकण मांजर चाटून साफ करतं, तेवढंही पुरतं. यातलं नेमकं कोणतं रसायन घात करतं ते शास्त्रज्ञांना अजून सापडलेलं नाही, पण ते मूत्रपिंडाच्या नलिकांमधल्या पेशी मारतं एवढं नक्की. कुत्र्याने हीच लिली खाल्ली तर पोट बिघडतं आणि बहुधा तेवढ्यावर भागतं. म्हणून "आमच्या टॉमीने खाल्ली होती, काही झालं नाही" हा अनुभव मांजराच्या कामाचा नाही.

आता बाकीच्या "लिल्या" पाहू.

*रेन लिली, स्पायडर लिली, फुटबॉल लिली, ॲमेरिलिस.* सोसायटीच्या कुंपणाशी हमखास दिसणारी ही मंडळी. पहिल्या पावसानंतर एका रात्रीत उमलणारी गुलाबी-पांढरी रेन लिली, लांब बारीक पाकळ्यांमध्ये पांढरा पडदा असलेली स्पायडर लिली, मे महिन्यात लाल चेंडू होऊन येणारी फुटबॉल लिली. ही सगळी वेगळ्या कुळातली आहेत. यांच्यात लायकोरीन नावाचं द्रव्य असतं, आणि ते कंदात सर्वांत जास्त असतं. पोटात गेलं तर लाळ, उलट्या, जुलाब होतात. कंद बऱ्यापैकी खाल्ला तर थरथर आणि रक्तदाब उतरणं इथपर्यंत जाऊ शकतं. लिलियमसारखी मूत्रपिंडं निकामी होत नाहीत, पण म्हणून निर्धास्तही राहू नका. कुंडी उकरायची सवय असलेलं मांजर असेल तर कंद मातीत खोल लावा आणि वर मोठे गोटे पसरा.

*पीस लिली आणि कॅला लिली.* या तर अळूच्या नातलग. पांढरं दिसतं ते फूल नसून एक पान असतं आणि त्याच्या मधोमध मक्याच्या छोट्या कणसासारखा दांडा उभा असतो. अळू कच्चं राहिलं की घशाला जे होतं, तेच मांजराच्या तोंडाला होतं, कारण दोन्हीकडे कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. मांजर लाळ गाळतं, पंजाने तोंड घासतं, खाणं सोडतं. जीव जाण्याची भीती फारशी नसते, पण त्रास खरा असतो. मनीप्लांट, डिफेनबेकिया, मॉन्स्टेरा, सिंगोनियम यांचंही हेच. एकदा चावलेलं मांजर बहुधा पुन्हा त्या वाटेला जात नाही.

*कळलावी.* बाजारात हिला ग्लोरी लिली म्हणतात. कोकणात पावसाळ्यात कुंपणांवर चढते आणि गणपतीच्या दिवसांत माटवीला (गणपतीच्या वर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीला), गौरीला लावली जाते; "गौरीचे हात" म्हणतात ते हेच फूल. लाल-पिवळ्या ज्वाळांसारख्या पाकळ्या असल्याने अग्निशिखाही म्हणतात. हिच्यात कोल्चिसीन असतं, माणसालाही घातक. मांजर असलेल्या घरात माटवी बांधणार असाल तर कळलावी वगळा, किंवा मांजराला त्या खोलीत येऊ देऊ नका. सण झाल्यावर सुकलेली वेल गॅलरीत टाकून ठेवू नका.

*कर्दळ.* काही नर्सऱ्यांत कॅना लिली. केळीसारखी रुंद पानं. ही मांजराला विषारी नाही. खुशाल लावा.

परदेशात राहणाऱ्यांसाठी आणखी एक: लिली ऑफ द व्हॅली. इवल्याशा पांढऱ्या घंटांचं हे झाड खरी लिली नव्हे, पण त्याचं विष हृदयावर जातं. घरात नको.

२. घरभर फिरून यादी करा

कागद घ्या, फोन घ्या, प्रत्येक कुंडीचा फोटो काढा. फूल असेल तर फुलाचा, पानाचा आणि बुंध्याचा वेगवेगळा. बहर नसेल तर कळी येईपर्यंत ते झाड "अनोळखी" या सदरात राहील, म्हणजे मांजरापासून दूर.

आपण नेमक्या ज्या जागा विसरतो त्या सांगते. देवघरातलं निर्माल्य. सकाळी दाराच्या कडीला लटकवलेली फुलपुडी. फोटोवरचा हार. टेबलावरचा गुच्छ. शेजाऱ्यांच्या गॅलरीतून आपल्या ग्रिलवर आलेली वेल. आणि फ्रिजवर ठेवलेली ती एक बाटली, जिच्यात पाण्यात मनीप्लांट वाढतो आहे. मांजराला कुंड्या फक्त गॅलरीत असतात हे माहीत नसतं.

आमच्याकडे गणपतीत गोट्याने मूर्तीसमोरची दुर्वांची अख्खी जुडी फस्त केली होती. दुर्वा म्हणजे शेवटी गवतच, त्यामुळे थोड्या वेळाने तिची हिरवी उलटी सतरंजीवर आली आणि प्रकरण मिटलं. सासूबाईंचं म्हणणं, प्रसाद होता तो. मी काही बोलले नाही.

३. नाव शोधताना इथे फसू नका

गुगल लेन्स किंवा प्लांटनेट यांवर फोटो टाकला की नाव मिळतं, आणि बऱ्याचदा बरोबर मिळतं. पण एका फोटोवर विसंबू नका. दोन-तीन कोनांतून फोटो काढून तेच नाव येतं का पाहा. नुसत्या पानांवरून तर हे ॲप डे लिली आणि स्पायडर लिली यांत सहज गोंधळतं.

दुसरी फसगत शोधण्याच्या शब्दांत आहे. नुसतं "लिली" टाकून शोधलं की कुठल्या तरी एका लिलीची माहिती समोर येते आणि ती आपलीच समजून आपण सुटकेचा श्वास सोडतो. झाडाचं शास्त्रीय नाव टाकून शोधा. अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राणिसेवी संस्थेची विषारी-बिनविषारी झाडांची मोठी यादी फुकट पाहता येते आणि तिच्यात प्रत्येक झाडाखाली मांजर, कुत्रा, घोडा असं वेगवेगळं लिहिलेलं असतं. मांजराचंच वाचा.

तिसरी फसगत म्हणजे नर्सरीवाला. "ताई, काही होत नाही, आमच्याकडे मांजरं फिरतात की" हे मी तीन ठिकाणी ऐकलं. त्याची मांजरं मोकळी फिरतात, त्यांना उंदीर, पाली, गवत असे शंभर उद्योग असतात. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधल्या कंटाळलेल्या मांजराला हलणारं पान हाच दिवसभराचा उद्योग. आजीच्या वाड्यात मांजरं बागेतच असायची या आठवणीलाही हेच लागू.

४. रोजची बाकीची फुलं

लिलीचा निकाल लागला की लोक पुढचा प्रश्न झेंडू-शेवंतीचा विचारतात. दसरा-दिवाळीत घर या दोघांनीच भरलेलं असतं.

झेंडूची काळजी करू नका. फार खाल्ला तर पोट थोडं बिघडेल, त्याच्या रसाने एखाद्या मांजराच्या कातडीला खाज सुटेल, एवढंच. तोरणाच्या दोऱ्याची मात्र मला झेंडूपेक्षा जास्त भीती वाटते. मांजर दोरा गिळतं, तो आतड्यात अडकतो आणि ऑपरेशन करावं लागतं. तोरण खाली लोंबू देऊ नका, उतरवलं की दोरा लगेच कचऱ्यात टाका.

शेवंती विषारी आहे. जीवघेणी क्वचितच, पण उलट्या, जुलाब, लाळ, जास्त खाल्ली तर झोकांड्या. डासांच्या आणि किड्यांच्या औषधांत वापरलं जाणारं पायरेथ्रिन शेवंतीच्याच एका जातभाईपासून मिळतं, आणि मांजराच्या शरीराला त्याचा निचरा नीट करता येत नाही. यावरून आठवलं: कुत्र्याच्या मानेवर टाकायचं पिसवांचं औषध मांजराला कधीही लावू नका. त्यात पुष्कळदा परमेथ्रिन असतं आणि त्याने मांजराला झटके येऊन ते मरू शकतं. शेवंतीपेक्षा ही चूक किती तरी मोठी आहे.

सदाफुली दिसायला गरीब, पण तिच्यातल्या व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन या द्रव्यांपासून कर्करोगाची औषधं बनतात. असलं झाड मांजराने चघळू नये. कण्हेर, मग ती गुलाबी असो की पिवळी बिट्टी, आणि हल्ली प्रत्येक गच्चीत दिसणारं अडेनियम, ही तिन्ही हृदयावर घाला घालतात. पानफुटी आणि तिची फुलांच्या दुकानातली बहीण कलांचो यांचंही विष हृदयावर जातं. घाणेरी यकृत बिघडवते. धोतरा कुंडीत कुणी लावत नाही, पण महाशिवरात्रीला घरात येतो, तेव्हा लक्ष ठेवा. सायकस हे फूलझाड नव्हे, तरी सांगते, कारण प्रत्येक बंगल्याच्या दारात ते असतं: त्याच्या बिया आणि पानं यकृत निकामी करतात.

जास्वंदीला मी घाबरत नाही. आपली नेहमीची लाल जास्वंद फार खाल्ली तर उलटी होते इतकंच. चाफ्याच्या चिकाने तोंडाची आग होते, म्हणून तुटलेली फांदी उचलून टाकायची.

आणि निर्धास्त लावा अशी: गुलाब, मोगरा, जर्बेरा, झिनिया, पिटुनिया, सूर्यफूल, आफ्रिकन व्हायोलेट, फॅलेनॉप्सिस जातीचं ऑर्किड. हिरवाईसाठी अरेका पाम, बॉस्टन फर्न आणि स्पायडर प्लांट. स्पायडर प्लांटची पानं माझ्या घरात कधीच अख्खी नसतात, पण कुरतडून काही बिघडत नाही. गुलाबाच्या बाबतीत एकच अडचण: विकत आणलेल्या गुलाबांवर फवारा मारलेला असतो. गुच्छातला गुलाब बिनविषारी असला तरी त्याच्यावरचं औषध तसं असेलच असं नाही.

५. कुंड्या हलवा, पण "उंचावर" नको

पहिल्यांदा मीही कपाटावर ठेवली होती. मांजराला उंच जागा आवडतात, आणि तिथून परागकण खाली पडतात ते वेगळंच. पुंकेसर कापून टाकले की लिली निर्धोक होते असं काही फुलवाले सांगतात. होत नाही. पानं आणि पाणी तसंच राहतं.

लिलियम किंवा डे लिली असेल तर एकच करा, घराबाहेर काढा. मांजर नसलेल्या मैत्रिणीला द्या. फुलदाणीतलं पाणी संडासात ओता, टेबल आणि फरशी ओल्या फडक्याने दोनदा पुसा, फडकं टाकून द्या. कोरड्या झाडूने झाडलंत तर पूड घरभर उडेल. मांजर तोवर दुसऱ्या खोलीत बंद.

खतं आणि औषधंही या पायरीतच पाहून घ्या, कारण कुंडीतल्या फुलापेक्षा कधी कधी मातीच जास्त धोक्याची असते. एरंडीची पेंड मांजराला आणि कुत्र्याला खाद्यासारखी वासाला चांगली लागते, पण एरंडीच्या बीमध्ये रिसिन हे भयंकर विष असतं आणि पेंडीत ते उरलेलं असू शकतं. फोरेटसारखी दाणेदार कीटकनाशकं आणि गोगलगायी मारायच्या गोळ्या मांजराच्या घरात आणूच नयेत. शेणखत, गांडूळखत पुरतं.

६. मांजराला त्याचं स्वतःचं गवत द्या

मांजर पानं खातं ते तुम्हाला छळायला नव्हे. गवत खाणं हा त्याचा स्वभाव आहे. नुसतं "नको, नको" करून काही होत नाही.

पसरट भांड्यात माती घ्या, मूठभर गहू रात्रभर भिजवून पसरा, वर मातीचा पातळ थर द्या, रोज पाणी शिंपडा. आठ-दहा दिवसांत वीतभर गव्हांकुर तयार. घटस्थापनेला आपण जे करतो तेच, फक्त देवीऐवजी मांजरासाठी. बियाणाचे गहू घेऊ नका, त्यांना बुरशीनाशक चोळलेलं असतं. डब्यातले खायचे गहू घ्या. मी दोन भांडी ठेवते, एक गोट्यासमोर आणि दुसरं वाढतं. गवत पिवळं पडलं किंवा मातीवर पांढरी बुरशी दिसली की फेकून द्यायचं.

हे सुरू केल्यापासून मोगऱ्याकडे त्याचं लक्ष जात नाही. मनीप्लांटकडे जातं, पण तो आता शेजारच्या काकूंकडे आहे.

७. हाताशी काय ठेवायचं

एका पिशवीत आणि एका कागदावर मावेल एवढंच:

- मांजराची पेटी किंवा कॅरियर, माळ्यावर न टाकता हाताला येईल अशी
- लसीकरणाचं पुस्तक आणि आधीचे रक्ताचे रिपोर्ट असतील तर ते
- मांजराचं ताजं वजन लिहिलेला कागद (औषधाचा आणि सलाईनचा हिशोब वजनावर होतो)
- दोन नंबर: रोजच्या डॉक्टरांचा आणि रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा
- दुसऱ्या पायरीतले फोटो, फोनमध्ये वेगळ्या फोल्डरमध्ये
- जुना टॉवेल आणि झिपवाली प्लास्टिकची पिशवी

रात्रीच्या दवाखान्याला आत्ताच फोन करून तीन गोष्टी विचारा: रात्री डॉक्टर प्रत्यक्ष हजर असतात की फक्त शिपाई? मांजराला सलाईन लावून दोन-तीन दिवस ठेवून घेता का? क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंडं नीट चालतात का ते दाखवणारी रक्ताची तपासणी तिथेच होते का? मुंबईत परळचं जुनं बैलघोडा हॉस्पिटल, म्हणजे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, सगळ्यांना माहीत असतं. त्याच आवारात पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. पण तुमचं घर कुठे आणि रात्री तिथवर पोचायला किती वेळ लागतो, तेही मोजा. गावाकडे सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशींचं काम जास्त असतं, पण सलाईन लावता येणारे डॉक्टर तिथेही असतात. आधी जाऊन ओळख करून ठेवा.

८. खाल्लंच, किंवा खाल्लं असा संशय आला, तर

अ. मांजराला झाडापासून उचला आणि घड्याळ पाहा. वेळ लिहून ठेवा. माहीत नसेल तर "शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं" ती वेळ लिहा.

आ. अंगावर पूड दिसत असेल तर चाटायच्या आत ओल्या फडक्याने पुसा. चाटू नये म्हणून टॉवेलमध्ये गुंडाळा. मी नाक पुसलं आणि पंजे बघितलेच नाहीत. तुम्ही पंजे बघा.

इ. डॉक्टरांना फोन करा, निघता निघताच. वाक्य असं हवं: "मांजराने लिलियम खाल्लं आहे, इतक्या वाजता, वजन इतकं." नुसतं "काहीतरी खाल्लंय" म्हटलं तर सकाळची वेळ मिळते.

ई. झाडाचा तुकडा झिपच्या पिशवीत घाला. उलटी झाली असेल तर तिचा फोटो घ्या.

उ. घरी उलटी करवू नका. मिठाचं पाणी पाजलं तर मिठानेच विषबाधा होऊ शकते. हायड्रोजन पेरॉक्साइड मांजराच्या पोटाचं अस्तर सोलून काढतं. दूध पाजून विष उतरत नाही. तेल, तूप श्वासनलिकेतून फुप्फुसात जाऊ शकतं. आणि माणसांचं कोणतंही औषध नको. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराला मारू शकते.

आता सगळ्यात घातक फसगत, जिच्यात मी पडता पडता वाचले. लिलियम पोटात गेल्यावर काही तासांत उलट्या, लाळ, सुस्ती सुरू होते. मग बऱ्याच मांजरांमध्ये उलट्या थांबतात. मांजर उठतं, थोडं खातंही. घरचे म्हणतात, सुटलो. पण त्याच वेळी आत मूत्रपिंडं बिघडत असतात. एक ते तीन दिवसांत ती काम करणं थांबवतात, आधी लघवी वाढते, मग थांबते. या टप्प्यावर डॉक्टरांच्याही हातात फारसं काही उरत नाही.

म्हणून लक्षणांची वाट पाहायची नसते. साधारण १८ तासांच्या आत सलाईन सुरू झालं तर बहुतेक मांजरं वाचतात; त्यानंतर दर तासाने आशा कमी होत जाते. डॉक्टर आधी पोट रिकामं करतील, कोळशाचं औषध देतील, मग दोन-तीन दिवस सलाईन आणि रोज रक्त-लघवीची तपासणी. पहिल्या दिवशीचं क्रिएटिनिन नॉर्मल आलं तर "मग घरी नेऊ का?" असं मीही विचारलं होतं. डॉक्टर नाही म्हणाले. रक्तात बिघाड दिसायला वेळ लागतो, तो दिसेपर्यंत थांबायचं नसतं. खर्चाचं पहिल्याच दिवशी स्पष्ट विचारा, त्यात संकोच नको. तीन दिवसांचं भरती राहणं स्वस्त नसतं.

पीस लिली, मनीप्लांट असं काही असेल तर इतकी धावपळ लागत नाही. तोंड ओल्या फडक्याने पुसा, पाणी पुढे ठेवा, डॉक्टरांना फोन करा. श्वास घेताना आवाज येत असेल किंवा जीभ सुजली असेल तर मात्र लगेच न्या. कण्हेर, अडेनियम, सायकस, कळलावी यांना लिलियमइतकंच तातडीचं समजा.

घरी आल्यावर आठवडाभर मुतारीच्या वाळूवर लक्ष ठेवा: गोळे नेहमीएवढे होतात का, फार मोठे की अगदी लहान. डॉक्टर पुन्हा तपासणीला बोलावतील, ती तारीख चुकवू नका.

९. फुलं आणणाऱ्यांना सांगून ठेवा

आमच्या घरात लिली मी लावली नव्हती, ती पाहुण्यांच्या हातून आली. त्यांना काय माहीत? फुलवाल्याला "एक चांगला गुच्छ द्या" म्हटलं की तो मधोमध दोन लिल्या खोचतोच, कारण त्याने गुच्छ भरल्यासारखा दिसतो.

त्यामुळे आता वाढदिवस, बारसं, सत्यनारायण काही असलं की आमंत्रणाच्या मेसेजखाली मी दोन ओळी जोडते. हव्या तर उचला: "घरात मांजर आहे, त्याला लिली विषारी असते. फुलं आणायचीच असतील तर गुलाब किंवा जर्बेरा आणा. लिली असलेला गुच्छ आलाच तर तो आम्ही दाराबाहेर ठेवू, कृपया गैरसमज नको."

आत्येसासूबाईंचा गैरसमज झालाच. पण पुढच्या वेळी त्यांनी तळेगावचे जर्बेरा आणले, आणि गोट्याने त्यातल्या एकाची मान मोडली.